कॅरीसाहेबांचे घर

आपल्याकडल्या जुन्या बिऱ्हाडांत मोडी कागदांचे एखादे तरी गाठोडे असतेच. सनदा, वर्षासनाच्या याद्या, जमाखर्चाचे रुमाल, लग्नातल्या आहेराच्या फर्दी असे काय काय त्यात असते. वाचणारे माणूस मात्र घरात उरलेले नसते. आमच्या घरीही असे एक गाठोडे आहे. वडील दरबारी गवई होते. त्यांच्या आणि आजोबांच्या नेमणुकीचे, बिदागीचे, रजेच्या अर्जांचे कागद त्यात आहेत. मी पेशाने गाण्याचा मास्तर. मुलांच्या गळ्यावर पलटे चढवावेत, पेटीचा भाता ओढावा, एवढेच माझे काम. पण आपल्याच घरचे कागद आपल्यालाच वाचता येऊ नयेत हे मनाला लागून राहिले, म्हणून उशिरा का होईना, मी मोडी शिकलो.

शिकताना एक प्रश्न डोक्यात आला. मोडी ही बोरूची लिपी, हात न उचलता धावत लिहायची. तिचे सुटे खिळे पाडून कोणी ग्रंथ छापला असेल काय? चौकशी करता कळले की छापला होता, आणि तोही पुण्यास वा मुंबईस नव्हे, तर कलकत्त्याजवळ हुगळी नदीच्या काठी, श्रीरामपूर नावाच्या गावी. (नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर ते वेगळे. बंगाल्यातल्या या गावाचे इंग्रजांच्या तोंडी सेरामपूर झाले.) तेथे १८१० साली विल्यम कॅरी या ख्रिस्ती मिशनऱ्याने मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत छापलेले आहेत. त्याआधी १८०५ साली याच साहेबांनी इंग्रजीतून लिहिलेले मराठीचे व्याकरण छापले होते, आणि त्याला रोजच्या बोलण्यातले काही संवादही जोडले होते.

मग साहेबांच्या चरित्राच्या मागे लागलो. चरित्रे पुष्कळ आहेत, आणि त्यांत साहेबांची विद्या, चिकाटी व परोपकार यांचे वर्णन भरभरून आहे. ते खोटे नाही. पण वाचता वाचता माझे लक्ष त्या घरातल्या एका खोलीकडे गेले आणि तेथेच राहिले. मराठीचे ते व्याकरण छापून निघाले त्या वर्षी ही खोली बंद असे, आणि तिच्यात साहेबांच्या पत्नी डोरोथीबाई कोंडलेल्या असत. हा लेख कॅरीसाहेबांविषयी आहे, पण त्या खोलीला वगळून तो मला लिहिता येत नाही.

साहेबांचा जन्म १७६१ सालचा, इंग्लंडातल्या नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यातला. वडील आधी विणकर, पुढे गावच्या शाळेचे मास्तर. मुलाला जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. एकीकडे आरी चालत होती आणि शेजारी पुस्तक उघडे होते. अशा रीतीने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषा त्याने बहुतेक आपल्या आपणच पैदा केल्या. १७८१ च्या जून महिन्यात पिडिंग्टन गावच्या देवळात त्याचे लग्न झाले. नवरा एकोणीस वर्षांचा आणि नवरी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. देवळाच्या नोंदवहीत सही करण्याची वेळ आली तेव्हा डोरोथी प्लॅकेट हिने फुली काढली. तिला लिहिता येत नव्हते. पुढे ज्याच्या छापखान्यातून चाळीसएक भाषांत पुस्तके निघाली, त्याच्या लग्नाच्या कागदावर बायकोची सही ही अशी आहे.

पहिली मुलगी दोन वर्षांची होऊन तापाने गेली. त्याच सुमारास नवऱ्यालाही तापाने इतके झोडपले की डोक्यावरचे केस गळाले आणि पोरवयातच केसांचा टोप घालण्याची पाळी आली. दुसरी मुलगीही लहानपणीच गेली. फेलिक्स, विल्यम, पीटर असे तीन मुलगे झाले. जोडे शिवणे, शाळा चालवणे आणि बॅप्टिस्ट पंथाच्या छोट्या देवळात उपदेश करणे अशी तिन्ही कामे करूनही घरात पुरेसे येत नसे. अशा घरात भिंतीवर जगाचा एक नकाशा टांगलेला असे, साहेबांनी स्वतः काढलेला. कॅप्टन कुकच्या सफरींची वर्णने वाचून कोणत्या देशात माणसे किती, त्यांचा धर्म कोणता, हे त्यांनी त्यावर टिपून ठेवले होते. सारे जग ख्रिस्ती झाले पाहिजे आणि त्यासाठी कोणीतरी घर सोडून निघाले पाहिजे, हा ध्यास त्या नकाशापाशी वाढला.

१७९२ साली त्यांनी याविषयी एक पुस्तिका काढली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी एका विधवा बाईच्या घराच्या मागल्या खोलीत दहा-बारा माणसे जमली आणि मिशनची मंडळी स्थापन झाली. वर्गणीचे आकडे पडले तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स. जायचे कोठे याचे उत्तर जॉन टॉमस या जहाजावरच्या वैद्याने दिले. तो आधी बंगाल्यात राहून आला होता, त्याला थोडी बंगाली येत होती. माणूस दिलदार आणि तळमळीचा, पण पैशाच्या बाबतीत पुरता बेभरवशाचा. लंडनात सावकार त्याच्या मागे लागलेले असत. १७९३ च्या जानेवारीत मंडळीने टॉमसला आणि त्याच्या सोबत कॅरीसाहेबांना बंगाल्यात पाठवण्याचे ठरवले.

डोरोथीबाईंनी नकार दिला. त्यांना दिवस गेलेले होते. पदरी तीन पोरे, दोन मुली मातीत घातलेल्या, आणि आपल्या परगण्याबाहेर कधी फारसे पाऊल टाकलेले नाही. साहेबांनी ठरवले की थोरल्या फेलिक्सला घेऊन आपण पुढे जावे, बाकीच्यांना मागाहून न्यावे. एप्रिलमध्ये बाप-लेक जहाजावर चढलेसुद्धा. पण कंपनी सरकारच्या मुलखात परवान्याशिवाय मिशनऱ्याला उतरता येत नसे, त्यात टॉमसचे देणेकरीपण उघडकीस आलेले. वाइट बेटाजवळ जहाज खोळंबले असता कप्तानाने त्यांना खाली उतरवून दिले.

हा खोळंबा डोरोथीबाईंच्या आयुष्यावर उलटला. मे महिन्याच्या आरंभी त्यांना चौथा मुलगा झाला. त्याला तीन आठवडे होतात न होतात तोच कॅरीसाहेब आणि टॉमस दारात उभे. दुसरे जहाज मिळत होते, डेन्मार्कचे. साहेबांनी पुन्हा विचारले, बाईंनी पुन्हा नाही म्हटले. दोघे निघाले. वाटेत टॉमसला राहवेना. तो एकटाच मागे फिरला आणि त्याने बाईंना सांगितले की आज आला नाहीत तर हे कुटुंब कायमचे फुटेल आणि त्याचा पश्चात्ताप तुम्हांला जन्मभर करावा लागेल. या भयाने त्या तयार झाल्या. अट एकच घातली, धाकटी बहीण किटी सोबत यावी. बहीण तयार झाली. घर मोडायला, सामान विकायला आणि बांधायला एक दिवस मिळाला.

येथे मला थोडे घरचे सांगावेसे वाटते. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ पुरुष चाकरीसाठी देश किंवा कोकण सोडून इकडे आले. ते कोणत्या साली आले, कोणाच्या कारकीर्दीत आले, काय तैनात मिळाली, हे गाठोड्यातल्या कागदांवरून सांगता येते. त्यांच्याबरोबर आलेल्या बायकांविषयी त्या कागदांत अक्षर नाही. माझी आई कृष्णाकाठची. वडिलांची नेमणूक झाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिला कोणी काही विचारले नाही. वडिलांच्या मनातही ते आले नसावे, आणि ते काही वाईट गृहस्थ नव्हते. जन्म सारा तिने इकडे काढला, मुलेबाळे वाढवली, येथल्या बाजारात भाव करायला शिकली. म्हातारपणी जराशी भ्रमिष्ट झाली तेव्हा पुलावरून जाताना नदीला हात जोडी आणि तिला कृष्णामाई म्हणे. मी दुरुस्त करायला गेलो की रागवे. डोरोथीबाईंची हकीकत वाचताना ती मला सारखी आठवत होती. माझ्या आईला निदान भाषा ओळखीची होती, शेजारपाजार मराठी होता आणि मंगळागौरीला बोलावणारी घरे होती.

१३ जून १७९३ रोजी डोव्हरहून जहाज निघाले आणि ११ नोव्हेंबरला मंडळी बंगाल्यात पोचली. पाच महिन्यांचा प्रवास, तान्हे मूल मांडीवर. परवाना नव्हताच, म्हणून गाजावाजा न करता उतरावे लागले. पैसा सगळा टॉमसच्या हाती होता आणि तो पाहता पाहता संपला. टॉमस कलकत्त्यात बरे घर घेऊन राहिला. कॅरीसाहेबांचे बिऱ्हाड शहराबाहेर माणिकतल्ला येथे एका सावकाराच्या बागेतल्या घरात, फुकटात मिळाले म्हणून. डोरोथीबाई आणि फेलिक्स रक्तआवेने अंथरुणाला खिळले. घरात पाव मिळेना, भात खाऊन राहायची सवय नव्हती. दोघी बहिणी साहेबांवर चिडत, आणि साहेब आपल्या रोजनिशीत त्याचे दुःख करीत. हे दुःख मी वाचले, पण चिडणाऱ्यांचे काही चुकले असे मला म्हणवत नाही.

तेथून १७९४ च्या आरंभी सुंदरबनाकडे. जंगल तोडून शेती करावी आणि धर्मोपदेश करावा असा साहेबांचा बेत होता; त्या जंगलात वाघ होते. तेथे कंपनीच्या मीठखात्यावरच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने या अनोळखी कुटुंबाला आपल्या घरात ठेवून घेतले. किटीचे पुढे त्याच्याशीच लग्न झाले. त्यात तिचे भले झाले. पण त्यामुळे डोरोथीबाईंच्या सोबतीला सहा हजार कोसांवर जे एकुलते एक माहेरचे माणूस होते तेही सुटले.

मालद्याकडे मुदनाबाटी नावाच्या गावी जॉर्ज उड्नी या इंग्रज व्यापाऱ्याचा नीळ करण्याचा कारखाना होता. दरमहा दोनशे रुपयांवर साहेब त्याचे व्यवस्थापक झाले. मिशनरी म्हणून राहायला बंदी, निळीवाला म्हणून राहायला परवानगी! पगार सुरू झाला, पोटाची चिंता मिटली. पण जागा दलदलीची होती आणि तापाने घर सोडले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात पाच वर्षांचा पीटर दगावला.

त्यापुढची गोष्ट चरित्रकार दोन ओळींत उरकतात. बाप स्वतः तापाने फणफणलेला. खड्डा खणायला माणूस मिळेना, कारण परक्या जातीच्या प्रेताला हात कोण लावणार? महत्प्रयासाने चार मुसलमान तयार झाले, तर गावाने त्यांनाच वाळीत टाकले आणि ते निस्तरायला साहेबांना पुन्हा खटपट करावी लागली. पोराचे प्रेत उचलायलाही माणसे जमवताना नाकी नऊ आले. आपल्या समाजाचे हे वागणे वाचताना मान खाली जाते. त्या माऊलीला तेथली भाषाही येत नव्हती. आपल्या मुलाला खांदा द्यायला लोक का कचरताहेत हे तिला कोणी कसे समजावले असेल!

१७९५ पासून डोरोथीबाईंचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. नवरा परस्त्रियांकडे जातो हा भ्रम त्यांच्या मनाने घेतला. त्या त्यांच्या मागोमाग रस्त्यावर जात, नोकरांदेखत, परक्यांदेखत शिव्याशाप देत, आणि एक-दोन वेळा तर साहेबांच्या जिवावरच उठल्या. इतर गोष्टींत अधूनमधून त्यांचे बोलणे अगदी ताळ्यावर असे, त्यामुळे पाहणाऱ्याला खरे काय ते उमगत नसे. या अवस्थेतच १७९६ च्या आरंभी त्यांना आणखी एक मुलगा झाला. साहेबांनी विलायतेतल्या अगदी जवळच्यांना हे कळवले. मंडळीच्या छापील वृत्तांतात असल्या गोष्टींना जागा नव्हती. वर्गणीदारांना हव्या असत बाप्तिस्म्याच्या बातम्या, आणि पहिल्या सात वर्षांत त्या बातम्याही नव्हत्या. एकही बंगाली मनुष्य ख्रिस्ती झाला नव्हता. घरात हे असे, आणि बाहेर ज्यासाठी हे सारे केले त्याचा पत्ता नाही, अशा स्थितीत साहेब दिवसा निळीचे हौद पाहत आणि रात्री दिव्याशी बसून बायबलाचे बंगाली भाषांतर करीत.

१७९९ च्या अखेरीस विलायतेहून नवी माणसे आली. त्यांत विल्यम वॉर्ड हा छापखान्याचा जाणकार आणि जोशुआ मार्शमन हा शाळामास्तर. कंपनीच्या मुलखात त्यांना राहू देईनात, म्हणून ती श्रीरामपुरास उतरली, कारण ते गाव डेन्मार्कच्या राजाचे होते. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीसाहेबही चार मुलगे आणि आजारी पत्नी यांना घेऊन तेथे आले. एकत्र कुटुंब, एक स्वयंपाकघर, सर्वांची कमाई एका पेटीत अशी व्यवस्था ठरली. साहेबांची मुले तोवर रानटी झाली होती. आई अशी, बाप कामात आणि स्वभावाने नको इतका मऊ. मार्शमनच्या पत्नी हॅना यांनी त्यांना जेवूखाऊ घालून माणसांत आणले. हॅनाबाई शाळा चालवीत, तिच्या उत्पन्नावर मिशनचा बराच खर्च भागे. त्यांचे चरित्र कोणी मराठीत लिहील तर मी आवडीने वाचीन.

२८ डिसेंबर १८०० हा दिवस मिशनच्या इतिहासात सोन्याचा समजतात. कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला होता, तो टॉमसने बसवला आणि त्यातून परिचय वाढून तो ख्रिस्ती व्हायला तयार झाला. त्या दिवशी दुपारी मिशनच्या दारासमोर हुगळीच्या घाटावर गर्दी जमली होती. डेन्मार्कचा गव्हर्नर होता, गोरे होते, हिंदू-मुसलमान होते. बंगालीतून भजन गाइले गेले. साहेबांनी आधी आपल्या फेलिक्सला आणि मग कृष्ण पालाला पाण्यात उतरवून बाप्तिस्मा दिला. पण त्याच वेळी टॉमस, ज्याने सतरा वर्षे या दिवसाची वाट पाहिली होती, तो आनंदाच्या भराने बुद्धिभ्रंश होऊन शाळेच्या खोलीत बांधून ठेवलेला होता आणि तेथून ओरडत होता. रस्त्याच्या पलीकडे आपल्या खोलीत डोरोथीबाई कोंडलेल्या होत्या आणि त्या किंकाळ्या फोडीत होत्या. हे मार्शमनच्या मुलाने पुढे ग्रंथात लिहून ठेवले म्हणून आपल्याला कळते.

माझा धंदा कानाचा. चरित्र वाचताना दुसऱ्यांना देखावा दिसतो, मला आधी आवाज ऐकू येतात. घाटावरचे भजन कोणत्या चालीचे होते कोण जाणे, पण ते गाणाऱ्यांना सूर धरून ठेवणे किती कठीण गेले असेल हे मला कळते. आणि गाणे संपल्यावर लोक घरी गेले तरी त्या दोन खोल्यांतले आवाज काही लगेच थांबले नसणार.

टॉमस पुढल्याच वर्षी वारला. त्याच वर्षी, १८०१ साली, कंपनीने कलकत्त्यास नुकत्याच काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीसाहेबांची नेमणूक झाली; दरमहा पाचशे रुपये, पुढे हजार झाले. जोडे शिवणारा मिशनरी कंपनीच्या तरुण साहेबांचा गुरू झाला. शिकवायची भाषा आधी बंगाली आणि संस्कृत, आणि थोड्या वर्षांनी मराठीही. मराठी का, तर १८०२ चा वसईचा तह आणि त्यापाठचे युद्ध होऊन पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड या सगळ्या दरबारांशी कंपनीचा संबंध आता रोजचा झाला होता. दरबारचे कागद मोडीत, म्हणून कोश मोडीत. साहेबांचे मराठी गुरू वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे. व्याकरणाच्या प्रस्तावनेत साहेबांनी त्यांचे ऋण मानले आहे. याच वैजनाथ पंडितांनी पुढे सिंहासनबत्तिशी मराठीत उतरवली, ती १८१४ साली श्रीरामपुरास छापली गेली, आणि पाठोपाठ नागपूरकर भोसल्यांची वंशावळही. त्या मराठीवर नागपुरी बोलीचा ठसा आहे असे जाणकार म्हणतात, आणि साहेबांचे बायबल आपल्या लोकांना कधी गोड लागले नाही हेही खरे. पण पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांच्या हाताखाली तयार झालेल्या कारखान्यात आपल्या मोडीचे खिळे ओतले गेले, हे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

आठवड्यातले तीन-चार दिवस साहेब होडीने कलकत्त्यास जाऊन राहत. १८०६ साली त्यांनी एका दिवसाचा हिशेब पत्रात लिहिला. पावणेसहाला उठणे, हिब्रू बायबलाचा एक अध्याय, नोकरांबरोबर बंगाली प्रार्थना. चहा होईपर्यंत मुनशीजवळ फारसी. न्याहारीनंतर पंडिताबरोबर रामायणाचे इंग्रजी भाषांतर, दहा वाजेतो. मग दोनपर्यंत कॉलेज. परत येऊन मुद्रिते तपासणे. जेवण. मग संध्याकाळी सहापर्यंत मुख्य पंडिताबरोबर बायबलाचे संस्कृत, त्यानंतर तेलुगू पंडित. साडेसातला इंग्रजीतून प्रवचन, नऊनंतर पुन्हा बंगाली भाषांतर, पत्रे, आणि निजण्यापूर्वी ग्रीकचा एक अध्याय. हे पत्र वाचून लोक थक्क होतात, मीही झालो. मग पुन्हा वाचले. डोरोथीबाई तेव्हा हयात होत्या, पण त्या दिवसात त्यांच्यासाठी एकही घटका दिसत नाही. साहेब श्रीरामपुरास असत तेव्हा शेजारच्या खोलीतून येणारा त्यांचा आरडाओरडा ऐकत भाषांतरे करीत, असे मार्शमनच्या मुलानेच लिहिले आहे. ज्याला हे रोज ऐकावे लागे तो कामात इतका बुडून का जात होता, हे समजायला फार विद्वत्ता नको. मला त्यांना दोष द्यावासा वाटतो आणि देताही येत नाही. त्या काळी विलायतेत वेड्यांना साखळदंडाने बांधून ठेवीत. साहेबांनी बारा वर्षे पत्नीला घराबाहेर काढले नाही. औषध कोणाजवळच नव्हते.

८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीबाई तापाने वारल्या. सहा महिने होण्यापूर्वीच साहेबांनी शार्लट रूमोर या बाईंशी लग्न केले. या घराणेदार, अनेक भाषा जाणणाऱ्या, पायाने अधू आणि प्रकृतीने नाजूक होत्या. इतक्या घाईने लग्न करण्याला सोबत्यांनी आधी हरकत घेतली, पुढे बाईंचा स्वभाव पाहून ती मिटली. तेरा वर्षे हा संसार सुखाचा झाला. भाषांतरांत त्या साहेबांना मदत करीत. १८२१ साली त्या वारल्यावर साहेबांनी तिसरे लग्न केले, म्हातारपणी जवळ माणूस असावे म्हणून.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. ११ मार्च १८१२ च्या रात्री छापखान्याला आग लागून कागद, खिळे आणि वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळून गेली. साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. १८१४ साली फेलिक्सची बायको आणि दोन मुले ब्रह्मदेशात होडी उलटून बुडाली. १८१८ साली श्रीरामपूरचे कॉलेज निघाले. १८२९ च्या डिसेंबरात सती बंद करण्याचा कायदा बंगालीत उतरवण्यासाठी आला तो रविवार होता. साहेबांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपवले आणि दिवसभर बसून भाषांतर पुरे केले, कारण एका दिवसाच्या उशिराने कितीजणी जळतील याचा नेम नव्हता. मात्र ज्या मंडळीने त्यांना पाठवले तिच्यातली जुनी माणसे गेली, नवी आली, आणि ज्यांनी हजार रुपये पगार मिशनच्या पेटीत टाकला त्यांच्याकडेच मालमत्तेचे हिशेब मागू लागली. १८२७ साली दोघांचा संबंध तुटला. साहेब या सुमारास बागेत फार रमत. देशोदेशीची झाडे त्यांनी लावली होती.

९ जून १८३४ रोजी ते वारले. त्यांचे मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी लिहून ठेवले होते की अंत्यविधी होईल तितका साधा करावा आणि आपल्याला दुसरी पत्नी शार्लट यांच्या शेजारी पुरावे. त्याप्रमाणे त्यांना श्रीरामपूरच्या मिशनच्या स्मशानात पुरले. डोरोथीबाईंना सव्वीस वर्षांपूर्वी त्याच गावच्या मातीत ठेवले होते.